डोळ्यांतल्या बाहुल्या आणि साडेसहा पटीची दुर्बीण

पेंटॅक्सची पॅपिलिओ २ ही ६.५×२१ ची, म्हणजे साडेसहा पट मोठं दाखवणारी आणि २१ मिलिमीटर भिंगाची, दुर्बीण घेऊन मला सव्वा वर्ष झालं. घेताना मनात एकच प्रश्न होता. कॉमन बुशब्राउन आणि डार्क-ब्रँडेड बुशब्राउन ही दोन फुलपाखरं हात न लावता, न पकडता, वेगळी ओळखता येतील का? दुर्बीण कशी आहे हे मी त्या प्रश्नावरूनच सांगणार आहे, कारण मी ती दुसऱ्या कशासाठी घेतलेलीच नाही.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे माझं म्हणणं किती धरायचं ते ठरवता येईल. मी नाशिकमध्ये एका चष्म्याच्या दुकानात ३१ वर्षं काम करतेय. नंबर डॉक्टर काढतात. फ्रेम बसवणं, काचेवर खूण करणं, ती घासून फ्रेममध्ये उतरवणं हे माझं काम. दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या पाहते आणि दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजते. त्याला आम्ही पीडी म्हणतो. रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा भाचीबरोबर त्र्यंबक रस्त्यावरच्या अंजनेरी डोंगराला जाते. ती बीएस्सीला आहे. फुलपाखरांचं वेड तिचं, मला तिच्यामुळे लागलं.

बुशब्राउन कधी पाहिलं नसेल तर डोळ्यांसमोर असं आणा. झाडीतल्या सावलीत, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर एक मातकट तपकिरी फुलपाखरू उड्या मारल्यासारखं उडतं, तीन-चार पावलांवर वाळक्या पानावर बसतं आणि पंख मिटून घेतं. मिटले की दिसेनासंच होतं. पंख पसरले तर चार-पाच सेंटिमीटरचा जीव. फुलांवर सहसा येत नाही. कुजलेली फळं, झाडाचा पाझरलेला रस यांवर येतं. उंबराखाली पिकून पडलेल्या उंबरांचा सडा असला की तिथे हमखास सापडतं. अळी गवतावर वाढते. मिटलेल्या पंखांवर एक फिकट उभी रेघ असते आणि तिच्या बाहेरच्या बाजूला, पंखाच्या कडेजवळ, डोळ्यांची रांग. प्रत्येक डोळ्याला पिवळसर कडं, आत काळं बुबुळ आणि मधोमध पांढरा ठिपका. भाची त्याला ‘सेंटर’ म्हणते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडून ‘बाहुली’च निघालं, आणि आता तीही तेच म्हणते.

कॉमन आणि डार्क-ब्रँडेड दोघांनाही हे सगळं सारखंच असतं. रंग तोच, आकार तोच, रेघ तीच. दुसऱ्याचं नाव नराच्या पंखावरच्या गडद पट्ट्यावरून पडलंय. तो पट्टा गंधाच्या खवल्यांचा असतो. पण तो असतो पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, नेमका मागच्या पंखाखाली झाकलेला. बसलेल्या फुलपाखरात तो दिसत नाही. मादीला तर तो नसतोच. म्हणून पूर्वी हे फुलपाखरू जाळीत धरायचे, चिमटीत पकडून पंख सरकवायचे आणि पाहायचे.

मी ते एकदा जवळून पाहिलंय. खूप वर्षांपूर्वी एका सहलीत बरोबरच्या एका गृहस्थांनी असंच एक तपकिरी फुलपाखरू धरून सगळ्यांना दाखवलं. नाव सांगून सोडून दिलं. ते उडालं, पण त्यांच्या अंगठ्यावर तपकिरी भुकटी राहिली आणि त्यांनी ती पँटला पुसली. मी घरी येईपर्यंत तोच विचार करत होते. ती भुकटी म्हणजे त्याचे खवले. पंखांचे सगळे रंग आणि नक्षी खवल्यांचीच असते आणि एकदा गेलेला खवला परत येत नाही. आमच्या दुकानात काचेवरचा कोटिंगचा थर बोटाने गेला तर आम्ही गिऱ्हाइकाला काच बदलून देतो. तिथे बदलून द्यायला काय आहे?

न पकडता ओळखायची खूण भाचीने सांगितली. मागच्या पंखाच्या खालच्या टोकापासून वर मोजत यायचं, पहिले चार डोळे घ्यायचे. त्या चार बाहुल्या एका सरळ रेघेत असतील तर डार्क-ब्रँडेड. रेघ मोडत असेल तर कॉमन. बस्स, एवढंच. ऐकल्याबरोबर मला वाटलं, हे तर माझंच काम आहे. काचेवर मार्किंग पेनने ठिपके देऊन ते ओळीत आहेत का हे मी दिवसातून तीस-चाळीस वेळा पाहते. फरक इतकाच की इथे ठिपका टाचणीच्या टोकाएवढाही नसतो, आणि ज्यावर तो आहे ते मी जवळ गेले की उडून जातं.

आमच्याकडे आधी एक ८×४२ ची दुर्बीण होती. पक्ष्यांसाठी छान. पण तिचा फोकस अडीच मीटरच्या अलीकडे येतच नव्हता. त्याहून जवळचं सगळं धूसर. अडीच मीटरवरून चार डोळे आहेत हे कळायचं, बाहुल्या कळायच्या नाहीत. मोबाइल न्यायचा तर वीतभर अंतरावर हात न्यावा लागतो, आणि बुशब्राउन त्याआधीच पुढच्या पानावर. पॅपिलिओचा फोकस अर्ध्या मीटरपर्यंत येतो. दीड फुटापेक्षा थोडं जास्त. त्या अंतरावरून साडेसहा पट म्हणजे डोळ्यांपासून आठ सेंटिमीटरवर धरल्यासारखं. माझ्या वयाला नुसत्या डोळ्यांनी तितक्या जवळचं दिसण्याचा प्रश्नच येत नाही. खरं तर विशीतल्या भाचीलाही आठ सेंटिमीटरवर नजर धरून ठेवायला त्रास होतो. भिंग घेतलं तर दिसतं, पण भिंगासाठी फुलपाखरू हातात हवं.

आता या दुर्बिणीतली जी गोष्ट मला सर्वांत आवडली ती सांगते. एखाद्याला जवळचा चष्मा करायचा असला की आम्ही पीडी वेगळा घेतो. दूर पाहताना दोन्ही डोळे समांतर असतात, वाचताना ते नाकाकडे वळतात. माणसाच्या दूरच्या आणि जवळच्या पीडीत साधारण तीन-चार मिलिमीटरचा फरक पडतो. तो धरला नाही तर वाचताना डोकं दुखतं. साध्या दुर्बिणीत हाच घोटाळा असतो. तिच्या दोन नळ्या कायम समांतर. फार जवळचं पाहायला गेलं की डाव्या डोळ्याला एक जागा दिसते, उजव्याला दुसरी, आणि एका गोलाऐवजी दोन गोल एकमेकांवर चढतात. पॅपिलिओमध्ये फोकसचं चाक जवळच्या बाजूला फिरवलं की पुढची दोन्ही भिंगं एकमेकांकडे सरकतात. दुर्बीण उलटी धरून पुढच्या काचेतून बघत चाक फिरवा, सरकताना दिसतात. नाकाकडे वळणाऱ्या दोन डोळ्यांसारखीच. पार्सल उघडलं त्या दिवशी मी दुकानाच्या काउंटरवर तेच वीस मिनिटं करत बसले होते. डोळा जे करतो ते कुणीतरी धातूत आणि काचेत इतकं नीट उतरवलंय, हे बघून मला मनापासून आनंद झाला. पुढची भिंगं मुळातच मागच्यांपेक्षा एकमेकांच्या जवळ बसवलेली आहेत, त्यामुळे त्यांना सरकावंही थोडंच लागतं.

पार्सलवरून आठवलं. पहिल्यांदा ज्या विक्रेत्याकडून मागवली त्याने वापरलेला नग नवा म्हणून पाठवला होता. डोळ्याकडच्या काचेवर पापण्यांच्या तेलाची पुसट कमान होती. ती नव्या काचेवर येऊच शकत नाही. पट्टा ओवायच्या जागी घासल्याच्या खुणाही होत्या. फोटो काढून परत पाठवली, पैसे यायला नऊ दिवस लागले. दुसऱ्यांदा दुसऱ्याकडून घेतली, ती नवीकोरी आली. तुम्ही घ्याल तेव्हा डोळ्याकडची काच उजेडात तिरकी धरून आधी बघा.

वजन २९० ग्रॅम. गळ्यात घालून अंजनेरीच्या पायऱ्या चढताना मानेला जाणवत नाही. हीच दुर्बीण ८.५ पटीचीही मिळते. भाचीचा आग्रह साडेआठचा होता. मी साडेसहाची घेतली आणि त्याचं कारण सावली. पुढच्या भिंगाचा व्यास, २१ मिलिमीटर, त्याला पटीने भागलं की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. साडेसहाला ती सव्वातीन मिलिमीटर येते, साडेआठला अडीचच्याही आत. उन्हात बाहुली आकसलेली असते, तेव्हा दोन्ही सारख्याच. पण बुशब्राउन करवंदीच्या जाळीखाली, उंबराच्या गर्द सावलीत बसतं. तिथे आपली बाहुली मोठी होते आणि तिला जास्त प्रकाश हवा असतो. शिवाय पट जास्त तर हाताचा कंपही जास्त दिसतो. पन्नाशीनंतर हे धरून चालावं.

चष्मा असणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर, कारण हे कुणी सांगत नाही आणि मग लोक दुर्बिणीला नावं ठेवतात. तुम्हाला नुसता दूरचा किंवा नुसता जवळचा नंबर असेल, सिलिंडर, म्हणजे दृष्टिवैषम्याचा नंबर, नसेल, तर चष्मा काढूनच बघा. फोकसचं चाक तो नंबर भरून काढतं. सिलिंडर बराच असेल तर चष्मा ठेवा आणि डोळ्याकडचे रबरी कप खाली फिरवून घ्या. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत वर दूरचा आणि खाली वाचायचा नंबर असलेला, चष्मा असेल तर जपून. फुलपाखरू जमिनीवर असतं, आपण मान न वाकवता नुसते डोळे खाली करतो आणि काचेच्या वाचायच्या भागातून बघू लागतो. लगेच धूसर. मग माणूस चाक फिरवत बसतो आणि फुलपाखरू जातं. सवय अशी लावा की मान वाकवायची, डोळे सरळ ठेवायचे.

आणि दोन्ही डोळ्यांचा मेळ घरीच लावून निघा. उजवा डोळा झाकून डाव्याने मधल्या चाकावर फोकस घ्या. मी तीन-चार मीटरवरचं कॅलेंडर धरते. मग डावा झाकून उजव्या डोळ्याकडची कडी फिरवून त्याच अक्षराचा फोकस घ्या. कडी कुठे आली ते लक्षात ठेवा. एकदा लागली की पुन्हा हात लावायची गरज नाही. आमच्याकडे येणाऱ्या किती तरी जणांची दुर्बीण ‘खराब’ असते ती केवळ ही कडी कधी लावलीच नाही म्हणून.

आता मूळ गोष्ट. सप्टेंबरचा शेवटचा रविवार. त्र्यंबकची बस धरून अंजनेरी फाट्यावर उतरलो, गावातून वर निघालो. पाऊस रात्री पडून गेला होता, सकाळी ऊन होतं. पायऱ्या सुरू व्हायच्या आधी डाव्या हाताला एक उंबर आहे. आम्ही त्याच्यापासून चार पावलांवर दगडावर बसून राहिलो. बुशब्राउनच्या मागे चालत गेलं की ते पुढे पुढे जातं. बसून राहिलं तर तेच पडलेल्या उंबरांवर येतं. दोन गोष्टी मी शिकले होते. आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही. आणि फोकस आधीच सव्वा मीटरवर लावून ठेवायचा. या दुर्बिणीच्या चाकाला जवळून दूर जायला बरंच फिरवावं लागतं. फुलपाखरू बसल्यावर तिथून सुरुवात केली तर वेळ जातो. आधी अंतर ठरवायचं आणि मग आपण पुढेमागे झुकून चित्र स्पष्ट करायचं. काचेवर ठिपका देताना आम्ही मान अशीच पुढेमागे करतो.

पहिलं आलं ते फुटलेल्या उंबरावर बसलं. सोंड आत खुपसली आणि हलेचना. मी दगडावरून हळूच गुडघ्यांवर आले. दुर्बिणीत आधी नुसता लालसर गर दिसला, मग पाय, मग पंख. आणि मग एकदम ते डोळे. मी असं कधीच पाहिलं नव्हतं. पिवळं कडं म्हणजे रंगाची सलग रेघ नाही, एकेक खवला कौलासारखा दुसऱ्यावर बसलेला. बुबुळाचा काळा रंग मखमलीसारखा, त्यावर चमक अजिबात नाही. आणि बाहुली पांढरी, पण मधूनच निळसर झाक मारणारी. खालून मोजलं. एक, दोन, तीन, चार. मनातल्या मनात पट्टी ठेवली. चारही ठिपके पट्टीला लागून.

“ओळीत आहेत,” मी पुटपुटले.

“नक्की ना मावशी? ते तिरकं बसलंय.”

प्रश्न बरोबर होता, आणि उत्तर माझ्याजवळ होतं. वस्तू तिरकी धरली की गोल लंबगोल दिसतो, मोठं लहान दिसतं, दोन ठिपक्यांमधलं अंतर कमी दिसतं. पण सपाट पृष्ठभागावरची सरळ रेघ कुठल्याही कोनातून सरळच दिसते. काच फिरवून बघताना आम्ही यावरच विसंबतो. म्हणून ही खूण इतकी भरवशाची. पहिल्या डोळ्यापेक्षा दुसरा केवढा मोठा, अशा खुणा कोनावर बदलतात, ही बदलत नाही. मी तिला हे सांगितलं तेव्हा तिने वहीत लिहून घेतलं.

दुसरं दहा मिनिटांनी आलं. उंबरावर न येता माझ्या समोरच्या सागाच्या वाळक्या पानावर बसलं. इतकं जवळ की मला मागे सरकावं लागलं. पंखावरचे डोळे मोजले नसते तर मी म्हणाले असते, हे तेच. रंग तोच, रेघ तीच. खालून मोजलं. पट्टी ठेवली, आणि ठिपके पट्टीला लागेनात. तीन ठिपक्यांवर ठेवली तर चौथा सुटतो. मी पुन्हा पुन्हा मोजलं. फुलपाखराने पंख एकदा किंचित उघडून मिटले, मी परत मोजलं. रेघ मोडत होती. कॉमन बुशब्राउन.

भाचीने दोघांचेही फोटो घेतले होते. घरी संगणकावर मोठे करून बघितले, दोन्ही उत्तरं बरोबर होती. कॅमेऱ्याने हे काम होतंच, मग दुर्बीण कशाला, असं कुणी विचारेल. कॅमेऱ्याने उत्तर घरी कळतं. दुर्बिणीने ते फुलपाखरू समोर असतानाच कळतं, आणि कळल्यावर आपण त्याच्याकडे आणखी बघतो. त्या दिवशी मी दोघांना मिळून वीस मिनिटं पाहिलं. चष्म्याच्या दुकानात कुणाच्याही डोळ्यांकडे मी एवढा वेळ पाहत नाही.

नावाबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पॅपिलिओ म्हणजे लॅटिनमध्ये फुलपाखरू. स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याने १७५८ साली सगळ्याच फुलपाखरांच्या शास्त्रीय नावात पहिला शब्द हाच घातला होता. डार्क-ब्रँडेड बुशब्राउनला त्यानेच नाव दिलं, पॅपिलिओ मिनियस. कॉमनला १७७५ मध्ये त्याचा शिष्य फॅब्रिशियस याने दिलं, पॅपिलिओ पर्सियस. पुढे बुशब्राउनांना मायकॅलेसिस हे वेगळं पहिलं नाव मिळालं आणि पॅपिलिओ राहिलं ते ब्लू मॉर्मनसारख्या मोठ्या नातेवाइकांकडे. ब्लू मॉर्मन, म्हणजे आपलं २०१५ मध्ये ठरलेलं राज्य फुलपाखरू. दुर्बिणीवरचं नाव वाचताना मला दर वेळी ही जुनी नाती आठवतात.

दुकानातही ती काउंटरवर असते. दाराशी कढीपत्त्याची कुंडी आहे, तिच्यावर कॉमन मॉर्मनच्या अळ्या येतात. लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. चष्म्याची वाट बघत बसलेल्या एका आजोबांना मी दुर्बीण दिली. ते कुंडीसमोर स्टूल ओढून बसले, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ताई, ही पानाची कड करवतीसारखी खातेय. डोकं वरून खाली, वरून खाली.” मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन त्यांना महिना झाला होता. चष्मा तयार होऊन अर्धा तास झाला तरी उठले नाहीत.

आता जिथे ही दुर्बीण कमी पडते ते. नांदूर मध्यमेश्वरला नेली आणि पस्तावले. रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेली महाराष्ट्रातली ती पहिली जागा. तिथे पाण्यावरची बदकं लांब असतात. साडेसहा पटीत ती बदकं आहेत एवढंच कळतं. तिथे आमची जुनी ८×४२ च बरी. एकच दुर्बीण घ्यायची आहे आणि मन पक्ष्यांत आहे, तर ही घेऊ नका.

संध्याकाळचंही तसंच. कॉमन इव्हनिंग ब्राउन हे बुशब्राउनचं मोठं नातलग उडतंच मुळी तिन्हीसांजेला. घरातल्या दिव्यावरही येतं. सूर्य मावळल्यावर अंजनेरीच्या झाडीत २१ मिलिमीटरच्या भिंगातून त्याची नक्षी वाचता येत नाही. हा काचेच्या दर्जाचा प्रश्न नाही, भिंगाच्या आकाराचा आहे. एवढ्याशा तोंडातून जितका उजेड आत येतो तितकाच येणार.

ती जलरोधक नाही, आणि हे नाशिककरांनी गांभीर्याने घ्यावं. पहिल्या वर्षी जुलैत मी ती धुक्यात दोन तास गळ्यात ठेवली. पाऊस नव्हता, नुसता ढग अंगावरून जात होता. उतरल्यावर आतल्या बाजूने वाफ धरलेली. चूक माझी, कारण जलरोधक नाही हे ठाऊक असून मी ती बाहेर ठेवली. आत राहिलेल्या दमटपणाने काचेवर बुरशी धरते, आणि ती धरली की कोटिंग खाते. मी ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून तीन दिवस ठेवली. वाफ गेली, डाग राहिला नाही. तेव्हापासून पावसाळ्यात तिचं घर तोच डबा. पुड्या आमच्याकडे फ्रेमच्या खोक्यांतून भरपूर येतात. निळ्या दाण्यांच्या गुलाबी झाल्या की बदलायच्या. काच पुसायला ओढणी, रुमाल नको. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग चष्म्याचं मऊ कापड.

किंमत मी दोन दिवाळ्यांचा बोनस साठवून दिली. आकडा लिहीत नाही, तो दर काही महिन्यांनी हलतो. महाग आहे का? माझ्या पगाराला होय. पण माझ्या हातून आजवर जेवढी काच गेली त्यात दिलेल्या पैशाचं काम इतकं सरळ करणारी थोडीच होती.

डिसेंबरमध्ये पुन्हा त्याच उंबराखाली गेलो. गवत वाळलेलं, पायाखाली पानांचा चुरा. बुशब्राउन होती, सप्टेंबरपेक्षा जास्तच असतील. पण कोरड्या दिवसांत जन्मलेल्यांचे डोळे मिटल्यासारखे असतात. पावसाळी पिढीचे मोठे डोळे हल्लेखोराची चोच पंखाच्या कडेला ओढून घेतात, जीव वाचतो. हिवाळ्यात वाळक्या पाचोळ्यात डोळे उलट दिसून पडतील, म्हणून ही पिढी नुसती पानासारखी निघते. कडं नाही, बुबुळ नाही, कुठे कुठे फक्त एक फिकट टिंब. मी सात फुलपाखरं पाहिली. दोघांच्या बाबतीत टिंबं इतकी स्पष्ट होती की ओळीत आहेत असं म्हणता आलं. पाच जणांची ओळ मला लावता आली नाही. भाची म्हणाली, अंदाजाने लिहू या का? मी नको म्हटलं. वहीत पाच वेळा ‘बुशब्राउन’ लिहिलं आणि पुढचा रकाना मोकळा सोडला. पहिला पाऊस होऊन नवं गवत गुडघ्याला लागलं की आम्ही त्या उंबराखाली परत जाणार आहोत. डब्यातल्या पुड्या मी मेमध्येच बदलून ठेवणार आहे.